मधली म्हैस वगळून

कोल्हापूरचा माणूस हिंडत नाही असं कुणी म्हणू नये. जोतिबाला तो चालत जातो, गोव्याला मोटारसायकलवरनं जातो, तिरुपतीला सगळं घर गाडीत कोंबून जातो, आणि कुस्तीचं मैदान असेल तर सांगली, सातारा, सोलापूर ही त्याला पलीकडची गल्ली वाटते. पण शिवाजी पेठेतल्या एखाद्याला संध्याकाळी सहज म्हणून बघा, "चल, जरा ताराबाई पार्कात जाऊन बसू." तो आधी तुमचं तोंड न्याहाळतो आणि मग काळजीनं विचारतो, "का? कोण ॲडमिट हाय?"

अंतर म्हणाल तर जेमतेम तीन-चार किलोमीटर. पण आमच्याकडं गावातलं अंतर किलोमीटरवर मोजत नाहीत, कारणावर मोजतात. ताराबाई पार्कात जायला दवाखाना लागतो, नाहीतर सोयरीक. कसबा बावड्याच्या रस्त्याला लागायचं तर कलेक्टर कचेरी किंवा कोर्टाची तारीख. शाहूपुरी ही १८९५ साली व्यापारासाठी वसवलेली पेठ. तिथं व्यापाऱ्याकडं खातं असलं तर माणूस जातो, आणि उधारी फार झाली की जायचा थांबतो. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळं तिथं पत्ता चुकत नाही. आणि पत्ता चुकला नाही तर चार जणांना विचारायचं, त्यातल्या दोघांशी ओळख काढायची, एकाच्या घरी चहा प्यायचा, हे सगळंच बुडतं. अर्धा शिवाजी पुतळा, उभा मारुती, पापाची तिकटी अशा पत्त्यांवर वाढलेल्या माणसाला 'सातवी गल्ली' हा पत्ता कोरडाच वाटणार.

अशा आमच्या घरात माझ्या पुतणीनं टूम काढली. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, शनिवार-रविवार धरून घरी येते. "काका, दर खेपेला एक नवा एरिया, एक नवं कॅफे आणि जन्मात कधी प्यालो नाही असं एक ड्रिंक. लांब कुठं जायचंच नाही. आपल्याच गावात टुरिस्ट व्हायचं."

टुरिस्ट ही जमात आम्हाला चांगली ठाऊक आहे. अंबाबाईचं दर्शन, चप्पल लाईन, तांबडा-पांढरा, रंकाळ्यावर फोटो आणि अंधार पडायच्या आत पन्हाळा. आपण त्यांच्यातलं व्हायचं, तेही आपल्याच गावात आणि वर पैसे मोजून, हे पचायला जरा जड होतं. पण घरात तिचं चालतं. शिवाय तिनं एक अट घातली होती: आत्ती आणि मामा पाहिजेतच.

आत्ती म्हणजे माझी आक्का, आणि मामा म्हणजे आमचे दाजी. दाजी मंगळवार पेठेतले. तरुणपणी तालमीत होते. गुडघे आता जिन्याला नाही म्हणतात, पण कान अजून पैलवानाचे आहेत, मोडून घट्ट झालेले. त्यामुळं ते कुठल्याही दुकानात शिरले की मालक एकदा कानाकडं बघतो आणि भाव नीट सांगतो. दाजींची पेयांची यादी जन्मभर एका ओळीत मावली: सकाळी चहा, संध्याकाळी म्हशीचं दूध, उन्हाळ्यात थंडाई आणि रविवारी पांढरा रस्सा. पांढरा रस्सा जेवणात धरायचा की पेयात, यावर बाहेरगावचे लोक वाद घालतात. दाजी तो वाटीनं पितात, मिशा पुसतात आणि वाटी पुन्हा पुढं करतात. वादाला जागा कुठाय?

पहिलं कॅफे ताराबाई पार्कातलं. जुना बंगला, अंगणात खडी, झाडांना पिवळे बल्ब, आणि आतल्या भिंतीचा गिलावा मुद्दाम काढून विटा उघड्या ठेवलेल्या. दाजींनी विटांवरून हात फिरवला.

"काम अर्धंच ऱ्हायलंय. गवंडी ॲडव्हान्स घेऊन पळालेला दिसतोय."

"मामा, हे असंच असतंय. रस्टिक म्हणतात."

"आमच्या मागल्या भिताडाला धा वर्षं हेच झालंय. तवा तुझी आत्ती मला आळशी म्हणती."

काउंटरमागं एक पोरगं होतं. काळा ॲप्रन, कोरलेली दाढी, मनगटावर गोंदलेलं काहीतरी. 'गुड ईव्हनिंग, सर' म्हणाला. दाजींनी त्याला खालून वरपर्यंत बघितलं आणि कोल्हापुरात कुठल्याही व्यवहाराच्या आधी जो प्रश्न विचारतात तो विचारला.

"कुणाचा रं तू?"

पोरगं दोन सेकंद इंग्रजीत अडकलं आणि मग सुटलं. "फुलेवाडीचा, मामा."

"फुलेवाडीत कुठं?" इथून पुढं पाच मिनिटं कॉफीचा विषय नव्हता. त्याचे वडील, वडिलांचे चुलते, चुलत्यांची गिरणी, गिरणीसमोरचा बोळ असं करत करत पोरगं फुटबॉल खेळतं हे बाहेर आलं. मग तर विचारूच नका. कोल्हापूरचा फुटबॉल बाहेरच्याला सांगून पटत नाही. इथले नावाजलेले संघ कंपन्यांचे नाहीत, तालमींचे आणि पेठांचे आहेत: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ जाऊन बसते, आणि निकाल घरोघरी जेवणाच्या चवीवरून कळतो. दाजींनी कुठल्यातरी जुन्या पेनल्टीचा विषय काढला. पोरगं म्हणालं, "मामा, ती पेनल्टी नव्हतीच." दाजी म्हणाले, "नव्हतीच. पर आमास्नी मिळाली की." दोघं हसले. परवाना मंजूर झाला.

"आता पाज काय पाजायचं ते," असं म्हणून दाजी बसले.

पुतणीनं माचा मागवला. पोरानं डबीतली हिरवीगार पूड बारीक चाळणीनं वाडग्यात चाळली, त्यावर गरम पाणी घातलं आणि बांबूच्या पातळ काड्यांच्या घुसळणीनं फेस काढायला लागला. दाजी उठले आणि काउंटरला टेकले. मनगटाचं काम दिसलं की पैलवान बसून राहत नाही. "खांदा नको हलवू. नुसतं मनगाट. हां, आसं." फेस खरंच चांगला आला. त्यावर दूध, वर बर्फ. हिरवा आणि पांढरा असे दोन थर पेल्यात उभे राहिले. आक्का म्हणाली, दिसायला छान आहे, पडद्याला असा रंग बघायला पाहिजे.

दाजींनी एक घोट घेतला, तोंडात धरला, डोळे मिटले. पुतणीनं मोबाईल काढून शूटिंग चालू केलं.

"गवात हाय."

"मामा, जपानी चहा आहे. सावलीत वाढवलेल्या पानांची पूड."

"आसंल की. मी कुठं न्हाई म्हणालोय? पर चव गवताची हाय. आता बघ. म्हस गवात खाती आणि आमी दूध पितो. ह्यांनी मधली म्हस काढून टाकली आणि गवात थेट गिऱ्हाइकाला पाजालेत."

माचावर जगात पुष्कळ लिहिलं गेलंय, पण इतक्या थोडक्यात कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. जपानात ह्या चहाच्या पानांवर तोडणीआधी काही आठवडे सावली धरतात, त्यामुळं पान हिरवं राहतं आणि चवीचा तुरटपणा कमी होतो. हे मी दाजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि किंमत? ती कधी सावलीत ठेवत्यात?" किंमत अडीचशे होती. दाजींच्या डोक्यात जगातल्या सगळ्या रकमांचं रूपांतर लिटरमध्ये होतं, त्यामुळं ते लगेच म्हणाले, "तीन लिटर."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं ओट मिल्कमधली कॉफी मागितली. दाजींनी आवाज खाली घेतला. एरवी ते फक्त कुणी गेल्याची बातमी सांगताना घेतात तेवढा. "ओटचं दूध? त्याची धार कोण काढतंय?"

हसण्यावारी नेऊ नका. १९६३ साली इथं जिल्हा सहकारी दूध संघ निघाला. त्याला आपण गोकुळ म्हणतो. त्या संघाची निवडणूक आमच्याकडं अशा जिद्दीनं लढतात की विधानसभा तिच्यापुढं फिकी पडावी. वारणेचं श्रीखंड परगावी नेण्यासाठी लोक बॅगेतले कपडे कमी करतात. अशा जिल्ह्यात म्हशीला विचारल्याशिवाय दूध तयार करणं ही साधी गोष्ट नाही.

कोल्ड ब्रूनं मात्र दाजींना जिंकलं. चव आवडली म्हणून नव्हे, कडूच होती. पण पोरानं सांगितलं की ही कॉफी उकळत नाहीत, भरडलेल्या बिया गार पाण्यात रात्रभर भिजत घालतात आणि दुसऱ्या दिवशी गाळतात. दाजी सावरून बसले. रात्रभर भिजवणं हा त्यांचा प्रांत. मग त्या पोराला त्यांनी थंडाई सांगितली, आणि ती मी आजवर ऐकलेल्या सगळ्यात उत्तम रेसिपींपैकी आहे, कारण तिच्यात वजन-माप कुठंच नाही, फक्त घाम आहे. बदाम रात्री भिजवायचे, सकाळी सोलायचे. खसखस, मगज, बडीशेप, काळी मिरी, वेलदोडा. सगळं दगडी कुंडीत घालून लाकडी दांड्यानं घोटायचं. कुंडी दोन पायांत धरायची. किती वेळ घोटायचं? "खांदा भरून येईस्तोवर. मग खांदा बदलायचा." मग दूध, मग फडक्यातनं गाळायचं, आणि चोथा टाकायचा नाही. तालमीत नव्या पोराला आधी महिनाभर घोटायला बसवायचे. प्यायला मिळायची ती नंतर. म्हणजे आजच्या भाषेत ट्रेनी.

पोरगं मन लावून ऐकत होतं. मग त्यानं सांगितलं, बिया चिकमगळूरच्या आहेत. बाबा बुदान नावाच्या सूफी फकिरानं सतराव्या शतकात येमेनहून कॉफीच्या बिया लपवून आणल्या आणि तिथल्या डोंगरावर लावल्या, अशी कथा आहे. दाजी म्हणाले, "म्हंजे शेजारच्या कर्नाटकातलीच हाय की. मग एवढं इंग्रजी कशाला बोलायचं तिच्याशी?"

ह्या सगळ्याचा काटा दुधापाशीच का येऊन थांबतो हे कळायला गंगावेशीत जायला हवं. पुढच्या खेपेला पुतणीची पुण्यातली मैत्रीण आली होती, मूळची बेंगळुरूची. तिला आमच्या गावातलं 'सगळ्यात ऑथेंटिक ड्रिंक' हवं होतं. दिवेलागणीला तिला दूध कट्ट्यावर नेलं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या होत्या, पंढरपुरी जातीच्या, खांद्याच्या मागं जाणारी लांबलचक तलवारीसारखी शिंगं. वाहनं जातायत, हॉर्न वाजतायत, म्हशींना त्याचं काहीही नाही. त्यांना गर्दीची सवय आहे. दिवाळी पाडव्याला ह्याच म्हशी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, मालकाच्या मोटारसायकलमागं रस्त्यानं पळतात आणि दुतर्फा माणसं टाळ्या वाजवतात. इतर गावांत रोड शो नेत्यांचे होतात.

गवळी उकिडवा बसला. पहिली धार भांड्याच्या तळावर वाजली, मग आवाज हळूहळू जाड होत गेला, मग फेसात बुडून गेला. त्यानं पेला भरून पुढं केला. वर चार बोटं फेस. मैत्रिणीनं पेला हातात घेतला, तो कोमट लागला म्हणून जरा दचकली आणि विचारलं, "भैया, ये पाश्चराइज्ड है ना?"

गवळ्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा म्हशीकडं. "मॅडम, अब्बी अब्बी तो अंदर था."

डॉक्टर मंडळी दूध उकळूनच प्या म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. ते मला त्याच कट्ट्यावर एका डॉक्टरांनी सांगितलंय, मिशीवरचा फेस पुसत. मुलीनं घोट घेतला, मग पेला संपवला. म्हणाली, गोड आहे, साखर घातलीय का? साखर नव्हती. दाजी आता तिच्याबद्दल 'आपली पोरगी' असं बोलतात.

कट्ट्यावर बसून विचार केला तेव्हा मला वाटलं की आमच्या गावात नवी चव जिभेवरनं आत येतच नाही. कुणीतरी वजनाचा माणूस ती चारचौघांत पिताना दिसावा लागतो. ही युक्ती आमची नव्हे, शाहू महाराजांची. १९०२ साली ते युरोपला गेले, रोममधलं जुनं आखाड्याचं मैदान बघून आले आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबागचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं, हे तालमीतलं शेंबडं पोरगंही सांगतं. पन्हाळ्यावर त्यांनी चहा-कॉफीची लागवड करून बघितली, ती गोष्ट तालमीत फारशी निघत नाही, कारण चहानं दंड भरत नाहीत. पण त्यांच्या चहाची मोठी गोष्ट पन्हाळ्यावरची नाहीच, भाऊसिंगजी रोडवरची आहे.

गंगाराम कांबळे संस्थानच्या नोकरीत होते. दलित माणूस; पाण्याला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. भर रस्त्यावरचं हॉटेल, आणि सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. तेव्हा महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, त्या दारात थांबायला लागला. महाराज चहा मागवायचे, आपण प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. बरोबरची मंडळी म्हणजे दरबारातले मानकरी, अधिकारी, एरवी सावलीसुद्धा वाचवून चालणारे. पण समोर छत्रपती कप संपवून बसलेत म्हटल्यावर 'मला ॲसिडिटी आहे' म्हणायची सोय नाही. विटाळाचं सगळं तत्त्वज्ञान गरम असतानाच घशाखाली उतरवावं लागायचं. १९२२ साली महाराज गेले. १९२५ मध्ये कोल्हापुरात त्यांचं स्मारक उभं राहिलं, त्यात पुढाकार ह्याच गंगाराम कांबळ्यांचा होता.

म्हणून 'कुणाचा रं तू?' ऐकलं की मला हसू येतं आणि अर्ध्यात थांबतं. शंभर वर्षांमागं ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर माणसं चहा न पिता निघून जात होती. दाजी तो गिऱ्हाईक व्हायच्या तयारीनं विचारतात, हे मला माहीत आहे. पण प्रश्न दाजींपेक्षा वयानं मोठा आहे.

भाऊसिंगजी रोडवर आता वेगळीच गर्दी असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांचे वकील तिथं उतरायला लागले. काळे कोट, पांढरे बँड, आणि प्रत्येकाची चहाची तऱ्हा वेगळी. रत्नागिरीचे पाणी आधी मागतात, सोलापूरचे साखर जास्त. एका गाड्यावर माझ्यासमोर एक वकीलसाहेब म्हणाले, "ब्लॅक कॉफी, विदाउट शुगर." चहावाल्याचा हात थांबला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "केस गेली काय?"

आक्काचा प्रांत राजारामपुरी. तिथं एका दुकानात बबल टी मिळतो, आणि दुकानात सगळी कॉलेजची पोरंपोरी. आम्ही गेलो तेव्हा नेमकी संकष्टी होती, म्हणून आक्का नुसती बसायला आली होती. पुतणीनं मागवलेल्या पेल्यात तळाला काळे मणी होते. आक्कानं चष्मा वर केला.

"हे काय आणि?"

"टॅपिओका पर्ल्स, आत्ती. तैवानचं ड्रिंक आहे."

"इंग्रजी नको सांगू. कशाचं करत्यात?"

पुतणीनं मोबाईलमध्ये बघितलं. कसावा नावाच्या कंदाचं पीठ. त्याच कंदाचा आपला साबुदाणा. आक्कानं पर्स बाजूला ठेवली. तिचा चेहरा मी अशा वेळी ओळखतो. धर्मशास्त्राचा निकाल द्यायच्या आधी तिच्या कपाळावर दोन आठ्या पडतात.

"चहा उपासाला चालतोय का? चालतोय. दूध? चालतंय. साखर? चालतीया. आणि साबुदाणा तर उपासाचाच हाय. मग ह्यात न चालण्यासारखं हाय काय?"

ह्यावर काशीच्या पंडितांनाही उत्तर सुचलं नसतं. तैवानमध्ये १९८० च्या दशकात हे पेय निघालं तेव्हा त्यांना कल्पना नसेल की आपण चतुर्थीचा फराळ शोधून काढतोय. आक्कानं जाड नळी तोंडात धरली, जोर लावून ओढली, आणि पहिला मणी थेट घशात जाऊन बसला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पोरींनी पाठ चोळली. दाजी शांतपणे म्हणाले, "बंदूक उलटी धरलीस." पण आक्का मागं हटली नाही. दुसरा मणी जिभेवर झेलला, दाढेखाली घेतला, चावला. "भिजायला अजून तासभर पायजे होता," म्हणाली, आणि पेला संपवला.

पुढं काय झालं ते पुतणीला अजून नीट पटलेलं नाही. आक्कानं घरी मोठा साबुदाणा भिजवला, शिजवला, गुळाच्या पाकात घातला आणि वर आटवलेलं दूध ओतलं. चहा गाळला, कारण चहा सकाळी झालाच होता. भजनी मंडळात दिला. आता एकादशीला आमच्या गल्लीत तो बहुतेक घरांत होतो. त्याला खीर म्हटलं तर आक्का रागावते. वरती बर्फ असतो ना, मग खीर कशी?

गुळाच्या चहाबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. आमचा गूळ. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो ट्रकात बसून बाहेरगावी जातो, तिथं कुणीतरी त्याच्या चहाच्या शंभर शाखा काढतो, आणि तोच गूळ रंगीत पाटीखाली आमच्याच चौकात परत येतो. आम्ही रांग लावून म्हणतो, काय तरी नवीन काढलंय! गुऱ्हाळावर काहिलीजवळ उभं राहून ज्यांनी वाटीनं गरम काकवी चाटलीय तेही त्या रांगेत असतात. मीही होतो. चहा बरा होता.

आता दाजींचं सांगतो. पुतणीला दोन महिने यायला जमलं नाही, प्रोजेक्ट की काय होतं. मला वाटलं, टूम संपली. एका संध्याकाळी दाजींचा फोन. "पाव्हणं, हाय का मोकळे? ताराबाई पार्कात या." मी घाबरून विचारलं, "कोण ॲडमिट आहे?" ते म्हणाले, "कोण न्हाई ओ. आमची तालमीतली मंडळी आल्यात. या लवकर, तुमच्याबिगर ऑर्डर थांबलीया."

गेलो. खडीच्या अंगणात, पिवळ्या बल्बांखाली, सहा-सात मोडलेल्या कानांचे गृहस्थ गोलाकार बसले होते. खुर्च्या लहान होत्या, त्या कुरकुरत होत्या. दाजी उभे राहून काउंटरच्या पोराला सांगत होते. पोराला आता ते 'सेंटर हाफ' म्हणतात. "ह्यास्नी ते गवताचं दे, पयल्यांदा आल्यात. ह्यास्नी रातभर भिजवलेलं. त्यो नगं, त्याला शुगर हाय, त्याला काळी दे. आणि दूध म्हशीचंच घाल. फ्रीजमधलं ते ओटचं पुढं आणलंस तर बघ." मग मंडळींकडं वळून म्हणाले, "तोंडात जरा धरायची. लगीच गिळायची न्हाई. कडू लागंल, पर मागनं चव येती."

सगळ्यांनी दाजींच्या तोंडाकडं बघितलं. दाजींनी आधी घोट घेतला. मग बाकीच्यांनी पेले उचलले. एक वयस्क पैलवान बराच वेळ विचार करून म्हणाले, "ह्यात दोन बदाम पायजे होते." पोरानं पटकन वहीत लिहून घेतलं.

बिलाची वेळ झाली तशी परिस्थिती गंभीर झाली. कोल्हापुरात बिल भरण्यावरनं जेवढी धराधरी होते तेवढी बिल न भरण्यावरनं दुसरीकडं होत नसेल. पूर्वी निदान पाकीट काढताना समोरच्याचं मनगट धरता यायचं. आता सगळं मोबाईलवर. दाजींनी कोड टिपला. त्याच क्षणी वयस्क पैलवानांनी मागनं हात लांबवून टिपला. मला कळायच्या आत माझ्याही फोननं टिंग केलं. काउंटरवरच्या डब्यातनं बाई बोलायला लागली: पैसे मिळाले, पैसे मिळाले, पैसे मिळाले.

पोरगं कपाळाला हात लावून म्हणालं, "मामा, तिघांनी भरलंय. दोघांचं परत पाठवतो."

"खबरदार," दाजी म्हणाले. "जमा ऱ्हाऊ दे. बुधवारी येतोय आमी. बदाम भिजत घाल."